अक्काची डावी बाजू

लालबागेतलं तळं मला आवडत नाही. बेंगळूरमध्ये जन्म काढलेल्या बाईने असं म्हणणं म्हणजे जवळजवळ पापच. घरी पाहुणे आले की कोणीतरी म्हणतंच, चला, तळ्याकाठी डबा खाऊ, आणि मी काहीतरी निमित्त काढून मागे राहते. नातवंडांना वाटतं आजीचे गुडघे दुखतात. दुखतात हे खरं आहे, पण त्याच गुडघ्यांनी मी रोज बाजारातून भाजी आणते. गुडघ्यांच्या नावावर मी आजवर बरंच काही खपवलं आहे. आता ऐंशीला टेकले. अक्काही राहिली नाही. तेव्हा एकदा खरं काय ते लिहून टाकावं म्हणून बसले आहे. वाचून कोणी मला चांगलं म्हणेल अशी आशा नाही, आणि तसं कोणी म्हटलं तर त्याला नीट वाचता येत नाही असं मी समजेन.

आमचं घर बसवनगुडीत. घराणं मराठी, पण आमच्यापैकी कोणी महाराष्ट्र पाहिलेला नव्हता. तीनशे वर्षांपूर्वी पूर्वज कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच होऊन गेले, एवढंच अप्पा सांगायचे. घरात मराठी बोलायचो, तिच्यात कानडी इतकी मुरलेली की कुठलं कुठे संपतं ते आम्हालाही कळत नसे. अप्पा सरकारी कचेरीत कारकून होते. आम्ही दोघी बहिणी. मोठीला मी अक्का म्हणायची. ती माझ्याहून दहा वर्षांनी मोठी.

अक्काला डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. सात वर्षांची असताना तापात तिचा कान फुटला. वैद्याने लसणीचं तेल घातलं, कोणी अंगारा लावला, आणि ताप उतरला तेव्हा कान गेला होता. उजवा कान चांगला होता. बंद खोलीत तिला सगळं ऐकू यायचं, पण उघड्यावर, गर्दीत, वाऱ्यात तिची पंचाईत व्हायची. ती स्वतः त्याचं काही वाटून घेत नसे. ऐकू आलं नाही की सरळ मान वळवून उजवा कान पुढे करायची आणि म्हणायची, "काय म्हणालीस? इकडच्या बाजूला येऊन सांग की." दिवसातून दहा वेळा म्हणायची. लाज वाटायची ती आम्हाला.

म्हणून घराबाहेर पडलं की अक्काच्या डावीकडे आमच्यापैकी कोणीतरी चालायचंच. तसा नियम कोणी केला नव्हता, पण देवळात, लग्नकार्यात, रस्त्यावर, तिची डावी बाजू आम्ही कधी मोकळी ठेवली नाही. परक्या माणसाने त्या बाजूने बोलावं आणि तिने ओ देऊ नये, असा प्रसंगच येऊ द्यायचा नाही. मला चालता येऊ लागल्यापासून ते काम बहुतेक माझ्याकडे आलं.

अक्काला पाहायला लोक येऊ लागले तेव्हा या कामाला आणखी धार आली. खुर्ची अशी मांडायची की तिची डावी बाजू भिंतीला लागेल. मी तिच्या पाठीमागे उभी. पाहुण्यांचा एखादा प्रश्न तिला ऐकू आला नाही असं वाटलं की मी तिच्या पाठीला बोट लावायची. एकदा टोचलं तर हो, दोनदा टोचलं तर नाही. त्याहून लांब उत्तर द्यायचं असलं की मी लाडिकपणे म्हणायची, "अक्का लाजतेय," आणि उत्तर आपणच देऊन टाकायची. पाहुणे हसायचे, मला चुणचुणीत म्हणायचे. तीनदा असं दाखवणं झालं आणि तिन्ही वेळा कानाचा कोणाला पत्ता लागला नाही. एकाला मुलगी सावळी वाटली, एकाची पत्रिका जुळली नाही, तिसऱ्यांनी काही कळवलंच नाही. अक्का तेवीस वर्षांची झाली. त्या काळी आमच्याकडे तेवीस म्हणजे लोक आईकडे कीव आल्यासारखं बघायचे.

मग पुण्याकडचं स्थळ आलं. मुलगा इंजिनियर, एका नव्या कारखान्यात नोकरीला लागलेला. दोन वर्षांपूर्वी आई आणि धाकटी बहीण यांना घेऊन इकडे आला होता. आमच्या गल्लीतले एक निवृत्त मास्तर मध्यस्थ होते. त्यांनी निरोप आणला की मुलीला खुर्चीवर बसवून पाहायची पद्धत त्या मंडळींना पसंत नाही. कुठेतरी बाहेर, मोकळ्या हवेत भेटू, मुलं चार शब्द बोलतील, मग ठरवू.

मास्तर गेल्यावर अप्पा डोक्याला हात लावून बसले. "मोकळ्या हवेत?" ते म्हणाले. "मोकळ्या हवेत भिंत कुठून आणू?"

तोड आईने काढली. कार्तिक महिना चालू होता. कार्तिकात आवळ्याच्या झाडाखाली जेवायची आमच्याकडे पद्धत आहे, आवळीभोजन म्हणतात. झाडाची पूजा करायची, दिवा लावायचा आणि त्याच्याच सावलीत पंगत मांडायची. आम्ही दरवर्षी लालबागेत तळ्याजवळच्या आवळ्याखाली जायचो. बाग सरकारी, तिथे चूल पेटवू देत नसत, म्हणून स्वयंपाक घरून न्यायचा. आई म्हणाली, "त्यांनाही तिकडंच बोलावू. पूजा आहे, वाढावाढी आहे, बोलायला वेळ कुठं मिळतो? स्वल्प वेळ निभावला की झालं. आणि ही आहे की डावीकडं."

ही म्हणजे मी. तेरा वर्षांची.

त्या रविवारी सकाळी आईने मला स्वयंपाकघरात बोलावून बजावलं. "अक्काची डावी बाजू सोडायची नाही. पाणी पेटलं तरी सोडायची नाही. आणि कोणी काही विचारलं तर तो शब्द तुझ्या तोंडातून निघता कामा नये." तो शब्द म्हणजे कान. परक्यांसमोर आम्ही त्याचं नाव घेत नसू. मी मान डोलावली. मला मोठा अभिमान वाटत होता, सगळं लग्न माझ्या खांद्यावर असल्यासारखा. अक्का दारात वेणीत कनकांबराचा गजरा माळत होती. तिने ते ऐकलं आणि ती म्हणाली, "आई, सांगून टाकलं तर काय होईल गं?" आई म्हणाली, "लग्न होऊ दे, मग हवं तर दवंडी पिटव."

डबे टांग्यात चढवले आणि आम्ही चालत गेलो. आभाळ भरून आलेलं, वारा सुटलेला. कार्तिकात आमच्याकडे असाच थंड, चिकट वारा असतो. आवळ्याखाली पोचेपर्यंत ती मंडळी येऊन उभी होती. मुलाची आई नीटस, चष्मा लावणारी. मुलगा उंच, जरा पोक काढून उभा राहणारा, चेहऱ्यावरून भला माणूस वाटणारा. आणि त्याची बहीण. तिच्याबद्दल मला जरा जास्त लिहावं लागेल.

ती अठराएक वर्षांची होती, कॉलेजात जाणारी. मनगटावर घड्याळ होतं. भरभर बोलायची आणि बोलताना हसायची. तिची मराठी ऐकून मी पहिल्या पाच मिनिटांतच विरघळले. आईने तिला "स्वल्प सरकून बसता का" म्हटलं तेव्हा तिने ओठ मुडपून हसू आवरलं, आणि ते मला दिसलं. त्या क्षणी मला आईची लाज वाटली. मग आई झाडाच्या बुंध्याला सूत गुंडाळू लागली, हळदकुंकू वाहू लागली, अप्पा पळी-पंचपात्र घेऊन मोठ्याने मंत्र म्हणू लागले, आणि मला त्या सुताची, मंत्रांची, डब्यांना बांधलेल्या जुन्या धोतराच्या फडक्यांचीही लाज वाटली. अक्का सगळ्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होती, तिला ओठ वाचायची सवय होती म्हणून. मला वाटलं, ही अशी बावळटासारखी काय बघते? मी तिच्या डावीकडे उभी होते आणि मला तिथून सुटायचं होतं.

पूजा झाल्यावर मुलाची आई म्हणाली, "जेवायला अवकाश आहे. तुम्ही दोघं तळ्याच्या बांधावरून एक चक्कर मारून या." अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी निमूट अक्काच्या डावीकडे जाऊन चालू लागले. मुलगा उजवीकडे. त्याची बहीणही आमच्याबरोबर निघाली. बांधावर चढताच वारा तोंडावर आला. मुलगा काहीतरी विचारत होता, अक्का उत्तर देत होती, सगळं ठीक चाललं होतं.

इतक्यात त्याची बहीण मला म्हणाली, "तू काय त्यांच्या मध्ये लुडबुडतेस गं? चल, आपण माशांना चुरमुरे टाकू."

लुडबुडतेस म्हणाली. मला कानशिलात बसल्यासारखं झालं. मी अक्काकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या मुलीच्या मागून पायऱ्या उतरून पाण्यापाशी गेले.

कागदाच्या पुडीतले चुरमुरे ती पाण्यात टाकत होती, मासे वर येत होते आणि ती मला पुण्याच्या गोष्टी सांगत होती. मी तिच्यासारखं बोलायचा प्रयत्न करत होते. मधूनच मी वर पाहिलं. बांध तिथे वळतो. वळणावर चिखल होता, त्यामुळे मुलगा फिरून अक्काच्या डावीकडे आला होता. तो काहीतरी बोलला. अक्का तशीच चालत राहिली. तो थांबला, पुन्हा बोलला. अक्का तळ्यातल्या बगळ्यांकडे बघत दोन पावलं पुढे गेली. तो एकटाच मागे उभा.

मी धावायला हवं होतं. तेवढंच माझं काम होतं. दहा-बारा पायऱ्या आणि थोडा बांध. पण मी धावले असते तर ही मुलगी बघत राहिली असती आणि पुन्हा म्हणाली असती, लुडबुड. मी चुरमुऱ्यांच्या पुडीत हात घालून बसले.

तिनेही ते पाहिलं होतं. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "तुझ्या बहिणीला ऐकायला कमी येतं का गं?"

आईने बजावलेलं सगळं माझ्या डोक्यात एकदम उभं राहिलं. तो शब्द निघता कामा नये. मी म्हटलं, "छे! चांगलं ऐकू येतं तिला."

"मग दादा बोलतोय आणि ती बघतही नाही?"

"मुद्दाम करते," मी म्हटलं. "तिला जरा गर्वच आहे."

एवढ्यावर थांबले असते तरी कदाचित निभावलं असतं. पण ती मुलगी चुरमुरे टाकायची थांबली आणि डोळे मोठे करून माझ्याकडे बघू लागली. इतक्या लक्षपूर्वक माझ्याकडे कधी कोणी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "तिच्या मनात नाही हे लग्न. सकाळपासून रडतेय. अप्पांनी बळंच आणलंय तिला. तुम्ही पुण्याचे लोक तिला आवडत नाहीत." एकेक वाक्य आपोआप सुचत गेलं. मी अक्काला वाचवत नव्हते, आणि वाचवत होते असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले तेही खोटं. मला बोलायला मजा येत होती. लाज वाटते ती या मजेची. बाकीच्याला निदान तेरा वर्षांचं वय तरी म्हणता येईल.

"कोणाला सांगू नका," मी शेवटी म्हटलं. ती म्हणाली, "नाही गं, वेडी."

पुन्हा वर पाहिलं तेव्हा अक्का थांबून मुलाकडे वळली होती. काहीतरी सांगत होती. तिने हात उचलून डाव्या कानाला लावला. मला वाटलं, कुडी सैल झाली असेल. मुलाने मान खाली घातली, मग हसला आणि तिला वळसा घालून उजव्या बाजूला आला. नंतर दोघं खूप वेळ चालत राहिले, बांधाच्या टोकापर्यंत जाऊन परत आले, आणि तो एकदाही डावीकडे गेला नाही. परत येताना अक्का मोठ्याने हसत होती. परक्या माणसासमोर तिला तसं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी पुन्हा माशांकडे बघू लागले.

जेवणं झाली. पत्रावळीवर चित्रान्न, कोसंबरी, आंबोडे, दहीभात. मुलाने दहीभात दोनदा मागून घेतला आणि आईला म्हणाला की असा भात त्याने जन्मात खाल्ला नव्हता. आई खूश झाली. त्याची बहीण तिच्या आईच्या कानाशी लागून काहीतरी सांगत होती आणि ती बाई जेवता जेवता हळूहळू गप्प होत गेली. निघताना तिने अक्काच्या हनुवटीला हात लावला आणि म्हणाली, "सुखी राहा." मास्तरांना ते शुभचिन्ह वाटलं. मला वाटलं नाही.

आठ दिवसांनी मास्तर आले, दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "योग नाही म्हणतात."

"कारण?" अप्पांनी विचारलं.

"कारण सांगत नाहीत. मुलगा काही बोलत नाही. आई म्हणते, योग नाही."

मास्तर गेल्यावर अप्पा म्हणाले, "कळलं असणार त्यांना. दुसरं काय?" आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी झोपाळ्याच्या कडीपाशी बसून कनकांबराचे गजरे ओवत होते. माझी बोटं थांबली.

अक्का म्हणाली, "तिच्याकडं काय बघता, अप्पा? मीच सांगितलं त्यांना."

अप्पांना पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं आणि त्यांचा आवाज असा चढला की शेजारचे कुंपणापाशी आले. "हरिश्चंद्राची नात जन्माला आली आमच्या घरी! आपल्या हातांनी पायावर धोंडा पाडून घेतलास! आम्ही इतकी वर्षं जपलं ते कशासाठी?" आई पदर तोंडाला लावून रडत होती. अक्का भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "त्यांनी विचारलेलं मला ऐकू आलं नव्हतं. म्हणून खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, काहीच हरकत नाही, सांगितलंत ते बरं केलंत, यापुढे मी उजवीकडूनच चालेन." मग ती म्हणाली, "बोलायचं म्हणून बोलले असतील."

मला त्या वेळी नक्की माहीत नव्हतं, पण शंका होती, आणि शंका पुरेशी होती. मी तोंड उघडून म्हणू शकले असते की अप्पा, मी त्यांच्या मुलीला असं असं सांगितलं, म्हणून असेल. अप्पांनी मला बडवलं असतं, मास्तर धावत त्यांच्याकडे गेले असते, गैरसमज मिटला असता. तोंड उघडायला तेवढाच वेळ होता आणि तो मी गजरा ओवण्यात घालवला. त्या गजऱ्याची गाठही नीट बसली नव्हती. संध्याकाळी आईने तो देवाला घातला तेव्हा सुटून फुलं खाली पडली आणि ती मीच गोळा केली.

त्यानंतर अक्का बदलली. रडली-भेकली नाही, अबोला धरला नाही. फक्त "काय म्हणालीस?" म्हणणं तिने सोडून दिलं. ऐकू आलं नाही की ती आता हसून मान डोलवायची. वाण्याने वेगळीच डाळ बांधली तरी मान डोलवायची. शेजारीण कोणाच्या मरणाची बातमी सांगत असली तरी हसून मान डोलवायची, आणि आई मागून तिला चिमटा काढायची. खरं बोललं की काय होतं ते ती शिकली होती. तो धडा तिला कोणी शिकवला, हे घरात एका मलाच ठाऊक होतं.

दोन वर्षांनी आनेकलच्या एका किराणा दुकानदाराशी तिचं लग्न झालं. बिजवर, पहिल्या बायकोची दोन मुलं. माणूस वाईट नव्हता, कोणी तिला मारलं-झोडलं नाही. कानाचं तिथे कोणालाच सांगितलं नव्हतं, आणि आता अक्काही सांगणार नव्हती. पहिल्या दिवाळीला तिला आणायला मी आणि अप्पा बसने गेलो. तिच्या सासूने कॉफी दिली आणि अप्पांना म्हणाली, "मुलगी कामाला चांगली आहे हो तुमची, पण फार गर्वाची. मागून हाक मारली तर वळून बघत नाही." तोच शब्द. मी तळ्याकाठी फेकला होता तो आनेकलपर्यंत जाऊन पोचला होता. मी म्हणू शकले असते, गर्व नाही हो, तिला त्या बाजूने ऐकू येत नाही. अप्पांनी माझ्याकडे डोळे वटारले आणि मी कॉफी पीत राहिले.

आता पुढचं. मी शिकले, शाळेत शिक्षिका झाले. एकोणीसशे पासष्टच्या आसपास असेल, गावातल्या मराठी मंडळींच्या हळदीकुंकवाला गेले होते. तिथे एका बाईने माझा हात धरला. अंगाने भरली होती, कडेवर मूल होतं, पण हसणं तेच. त्या इंजिनियरची बहीण. मी ओळख न दाखवता सटकणार होते, पण तिने सोडलं नाही.

"तुझे उपकार आहेत गं आमच्यावर," ती म्हणाली.

मी म्हटलं, "कसले उपकार?"

तिने सगळं सांगितलं, अगदी मनमोकळेपणाने. त्या रविवारी घरी गेल्यावर तिचा भाऊ म्हणाला होता की मुलीला एका कानाने ऐकू येत नाही, तिने स्वतःहून सांगितलं, आणि एवढं सरळ बोलणारी मुलगी मला दुसरी मिळायची नाही. तेव्हा बहिणीने माझं बोलणं सगळ्यांना सांगितलं. "आई म्हणाली, हे बघ, मुलीच्या मनात नाही, म्हणून तू नको म्हणावंस यासाठी तिने कानाचं निमित्त काढलं. सख्खी बहीण सांगते की चांगलं ऐकू येतं, मग खोटं कोण बोलतंय? दादाला पटत नव्हतं. दोन दिवस धड जेवला नाही. शेवटी म्हणाला, बळजबरीचं लग्न मलाही नको. तू सांगितलं नसतंस तर केवढा घोळ झाला असता!"

अक्काने जन्मात एकदा धीर करून जे खरं सांगितलं, ते माझ्यामुळे खोटं ठरलं होतं. मी त्या बाईसमोर हात पुढे केला, तिने हळदकुंकू लावलं, ओटीत आवळे घातले. कार्तिकच होता. मी "येते हं" म्हटलं आणि घरी आले. तिलाही मी खरं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती माझ्याकडे कशी बघेल याची मला भीती वाटली. बावीस वर्षांची होते, तेरा नव्हे.

मग दोन-तीन वर्षांनी, आई गेल्यानंतरच्या पहिल्याच कार्तिकात, अक्का माहेरी आली. आई गेली तरी आवळीभोजन मोडायचं नाही असं ती म्हणाली. अप्पांच्याने चालवत नव्हतं, म्हणून आम्ही दोघीच गेलो, एका डब्यात दहीभात आणि निरांजन घेऊन. तेच झाड. अक्काने बुंध्याला सूत गुंडाळलं, नमस्कार केला. तिचे केस कानाजवळ पांढरे झाले होते. जेवण झाल्यावर ती म्हणाली, "चल की, बांधावरून एक चक्कर मारू."

मी घरून ठरवून निघाले होते की आज सांगायचं. रात्रभर वाक्यं जुळवली होती. बांधावर चढलो. वारा होता. मी तिच्या डावीकडे चालू लागले. सवयीने, असं मी म्हणणार नाही. उजवी बाजू मोकळी होती आणि ती मला दिसत होती.

मी सगळं सांगितलं. चुरमुरे, गर्व, रडतेय म्हणाले ते, गजरा, हळदीकुंकवाला भेटलेली बाई, तिच्या भावाचं दोन दिवस धड न जेवणं. काही सोडलं नाही, काही सावरून घेतलं नाही. समोर बघत, चालता चालता बोलत राहिले. सांगून संपलं तेव्हा मला रडू येत होतं आणि मोकळं वाटत होतं. त्या मोकळं वाटण्याचीसुद्धा मला आज लाज वाटते.

अक्का थांबली. वाऱ्याने उडालेला पदर तिने खांद्यावर घेतला, माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि मान वळवून उजवा कान पुढे केला. आनेकलमध्ये जगाला हसून मान डोलावणारी माझी बहीण, दहा-अकरा वर्षांत तिने कोणाला म्हटलं नसेल ते मला म्हणाली.

"काय म्हणालीस? इकडच्या बाजूला येऊन सांग की."

मी तिच्या उजवीकडे गेले. तिच्या कानाशी तोंड नेलं.

"काही नाही," मी म्हटलं. "वारा फार सुटलाय, घरी जाऊ या म्हटलं."

"सरी, जाऊ या," अक्का म्हणाली. डबा तिने माझ्या हातातून आपल्या हातात घेतला, आणि परतताना मी पुन्हा तिच्या डावीकडूनच चालले.